ओट्यावरचं पाणी

आईला जाऊन अजून महिना झालेला नाही. परवा गावाकडून भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "वट्याचं काय करायचं? ह्या टायमाला गवंडी सांगू का?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी काँक्रीट या विषयातला पीएच.डी. आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कित्येक वर्षं तोच विषय शिकवतो. शहरातल्या काही उंच इमारतींचं गणित माझ्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे आणि त्या इमारती अजून उभ्या आहेत. तरीही आईच्या समाधीवर हातभर उंचीचा ओटा बांधायचा म्हटल्यावर माझ्या सख्ख्या भावाला गवंडी आठवतो. त्याला कारण आहे. ते कारण आमच्या शेताच्या कोपऱ्यात, विहिरीशेजारी, आबांच्या म्हणजे आमच्या वडिलांच्या ओट्याच्या रूपानं पडलेलं आहे. मी भावाला विचार करून सांगतो म्हणालो, आणि विचार करायचा सोडून लिहायला बसलो. हे मी नेहमीच करतो.

आम्ही मेंढपाळ घरातले. वाळूजच्या पुढं, गंगापूरच्या अंगाला आमचं गाव. आमच्या घराण्यात माणसाला जाळत नाहीत, त्याच्याच शेतात पुरतात, आणि वर्षश्राद्धाच्या आत त्या जागेवर ओटा बांधतात. वर्षश्राद्धाला सगळी भावकी येते. ओट्याला भंडारा लावते, नैवेद्य ठेवते, जेवते, आणि ओटा कसा झालाय यावर मत देऊन जाते. हे शेवटचं काम कुणी कुणाला सांगितलेलं नसतं, पण ते कुणी चुकवत नाही.

माझा विषय मात्र घरात कुणाला कधी नीट कळला नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. माझ्या प्रबंधाचं नाव इतकं लांब होतं की मुखपृष्ठावर ते चार ओळींत बसवावं लागलं. त्यातला अर्थ एवढाच, की काँक्रीटवर वरून कितीही ओझं ठेवा, ते सोसतं. पण जरा ओढलं की तडकतं. म्हणून त्यात तंतू मिसळायचे. पोलादाचे, प्लास्टिकचे, घायपाताचे. तडा जायला लागला की हे तंतू त्याचे दोन्ही काठ धरून ठेवतात. कोणता तंतू किती धरतो हे शोधण्यात माझी ऐन तरुणपणाची वर्षं गेली. शोधायची रीत अशी, की काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, ते अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे ते पक्के होतात. आणि पक्के झाले की मशीनमध्ये घालून फोडायचे. मग पुन्हा ओतायचे.

आबा एकदा हे बघायला आले होते. खरं तर ते शहागंजात मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या घ्यायला आले होते आणि परतीच्या गाडीला वेळ होता. दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडीत मृतसाठा उरला होता, शहरात नळाला पाणी कधी येईल ते सोडणाऱ्यालाच ठाऊक असायचं, आणि गल्लोगल्ली निळे ड्रम रस्त्यावर येऊन बसले होते. त्याच वर्षी शहर चारी बाजूंनी वाढतही होतं. जिकडं तिकडं खड्डे, सळया, खडीचे ढीग. आमच्या प्रयोगशाळेतलं ठोकळ्यांचं टाकं मात्र काठोकाठ भरलेलं असायचं, कारण संशोधन थांबवता येत नाही. शेजारच्या विभागातले एक प्राध्यापक मला रोज गाठून म्हणायचे की आमच्या घरी आंघोळीची मारामार आहे आणि तुमचे ठोकळे पोहतायत.

आबांचं लक्ष आधी त्या टाक्याकडेच गेलं.

"एवढं पाणी कुणाला?"

"ठोकळ्यांना."

त्यांनी पाण्यात बोटं बुडवली, हुंगली. मेंढराला चालंल का, म्हणून विचारलं. मी सांगितलं की त्यात चुना उतरलेला असतो, चालायचं नाही. त्यांनी बोटं धोतराला पुसली. मग मी त्यांच्यापुढं एक ठोकळा मशीनमध्ये ठेवून फोडून दाखवला. काटा चढत गेला, ठोकळ्यातून करकर आवाज आला आणि त्याच्या कडा ढासळल्या. मला वाटलं, आता तरी त्यांना काही वाटेल. त्यांनी खाली पडलेला एक तुकडा उचलला.

"चांगला व्हता की. का फोडला?"

"त्यात ताकद किती होती ते बघायला."

"कळली?"

"हो, कळली."

"आन् आता ती कुठं हाय?"

पुढं माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून मोठे परीक्षक आले होते. त्यांनी विचारलेला एकही प्रश्न इतका अवघड नव्हता.

लोकरीची कल्पना मला त्याच दिवशी, आबांना गाडीत बसवून परत येताना सुचली. आमच्याकडच्या मेंढरांची लोकर राठ. एके काळी तिची घोंगडी व्हायची. आता घोंगडी कुणी घेत नाही, म्हणून कातरलेली लोकर बाभळीखाली पडून राहायची. मला वाटलं, हाच आपला तंतू. मेंढपाळाच्या पोरानं मेंढराच्या लोकरीनं काँक्रीटचे तडे थांबवले, असं कुठंतरी छापून येईल, इथपर्यंत मी क्रांती चौकात सिग्नलला उभा असतानाच पोचलो होतो. माझे मार्गदर्शक वृद्ध आणि सभ्य होते. ते म्हणाले, कल्पना नवीन आहे. आमच्या क्षेत्रात ही स्तुती नसते, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

आबांनी मुद्दाम चांगली मेंढरं निवडून कातरली. आईनं लोकर निवडली, झाडली, काटे काढले. पोतं भरून भावानं एसटीच्या टपावर टाकून पाठवलं. आणि काही महिन्यांत सिमेंटनं ती लोकर खाल्ली. सिमेंट पाण्यात कालवलं की ते फार तीव्र क्षारधर्मी होतं, आणि लोकर क्षारात टिकत नाही, विरते. हे पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलेलंही होतं, पेन्सिलीनं खाली रेघ मारून. पण रेघ मारली की गोष्ट आपल्याला समजली असं वाटायचं, तसलं माझं वय होतं.

आबांना मी पुढच्याच सुट्टीत सांगून टाकलं. ते शांतपणे ऐकत राहिले, हुं हुं करत. दुसऱ्या दिवशी पारावर गेलो तर गावभर झालेलं होतं. आबा तिथं बसून सांगत होते की आमच्या धाकट्याच्या भिंतीला थंडी वाजत व्हती, म्हणून त्यानं तिला लोकर घातली. तर भिंत ती लोकरच खाऊन बसली.

ही गोष्ट आबांनी पुढं कितीतरी वर्षं सांगितली. लग्नात, बाजारात, सोयऱ्यांच्या ओसरीवर. मी समोर असलो तर जास्त रंगवून. मी प्लास्टिकच्या तंतूंवर प्रबंध पुरा केला आणि डॉक्टर झालो, तेव्हाही ते पेढे वाटता वाटता हीच गोष्ट सांगत होते.

आबा एका उन्हाळ्यात गेले. थोड्या तापाचं निमित्त झालं. जागा आईनं दाखवली: विहिरीशेजारी, जिथं दगडी हाळ होता, म्हणजे मेंढरांना पाणी पाजायचा हौद. रोज दिवस कलला की आबा कळप तिथं आणायचे, मोटारीनं हाळ भरायचे आणि शेवटचं मेंढरू पिऊन होईपर्यंत काठी टेकून उभे राहायचे. त्याच जागेला लागून त्यांना ठेवलं. त्यानंतरचा पावसाळा आला आणि गेला, एवढंच म्हणता येईल. दिवाळीनंतर विहीर आटली, हाळ कोरडा पडला आणि त्यात पाला साठला.

आमच्या शेताला तोवर शहरानं तिन्ही बाजूंनी गाठलं होतं. शेजारच्या रानांत प्लॉट पाडलेले, पांढरे दगड रोवलेले, कमानी उभ्या. भाऊ काही वर्षं बजाजनगरात खोली करून एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. ते काम सुटल्यावर मेंढरांकडं परत आला होता. तो कळप त्या प्लॉटांच्या मधून चारायला न्यायचा आणि पाण्याला लांब, खडी काढून काढून पडलेल्या एका खाणीवर न्यायचा. त्या खाणीची खडी आमच्या प्रयोगशाळेतही यायची, ही माझी त्या कामातली भर.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा ओट्याचा विषय निघाला. भाऊ म्हणाला, घरात डॉक्टर असताना गवंडी कशाला. म्हणाला एवढ्यावर भागलं नाही. त्यानं गावात सांगून ठेवलं की हा ओटा भूकंपालाबी हलणार नाय. मला मनातून फार बरं वाटलं. आबा माझ्या कामाला हसत गेले होते. आता त्यांना दाखवण्यासारखं माझ्याकडं हे एकच उरलं होतं, की त्यांच्यावर मी जे काँक्रीट घालीन त्याला एकही तडा जाणार नाही. भावकी येईल, बोट फिरवून बघेल, आणि बोट कुठंही अडणार नाही. मी दुसरं काही मागत नव्हतो.

आता ओट्याचं काँक्रीट म्हणजे कुठलाही गवंडी घमेल्याच्या मापानं करतो. मी त्यासाठी धरणाला शोभेल असा हिशेब केला. वाळू चाळून आणली. खडी धुवावी असं माझ्या मनात होतं. दुष्काळात खडी धुणारा माणूस गावानं नक्की बांधून ठेवला असता, म्हणून ती नुसती झटकली. प्रयोगशाळेतून एक लोखंडी शंकू आणला. ओलं काँक्रीट त्यात भरून तो उचलायचा आणि ढीग किती बसतो ते बघायचं, अशी ती चाचणी असते. एसटीत कंडक्टरनं विचारलं की हे कशाचं भांडं. मी समजावून सांगायला लागलो तेव्हा तो पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला निघून गेला. भावानं शंकू हातात घेऊन फिरवून पाहिला आणि हे टोपडं कोणाच्या बाळाचं, एवढंच विचारलं.

काँक्रीट कालवायच्या वेळी आई येऊन उभी राहिली. मी प्लास्टिकचे तंतू मोजून टाकत होतो. ती म्हणाली, "लोकर नाय टाकत?"

मी तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. सिमेंट लोकर खातं, आणि खाल्ल्यावर तिथं नुसती पोकळी राहते.

"खाऊ दे," ती म्हणाली. "त्यांचीच हाय. जाऊ दे त्यांच्यासंगं."

तिनं पदराखालून मूठभर लोकर काढली. आबांनी शेवटच्या वर्षी कातरलेली. माझ्या प्रबंधात याच्या विरुद्ध एक अख्खं प्रकरण आहे, आलेखांसकट. मी लोकर पिंजून घमेल्यात टाकली आणि फावड्यानं कालवली.

ओटा झाला. गुळगुळीत, काटकोनात, ओळंब्याला धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या चारी कडांना मातीची वरंबी घातली आणि मधल्या वाफ्यात पाणी साठवलं. नवं काँक्रीट वरून वाळलं तर आक्रसतं आणि तडकतं; त्याच्यावर पाणी उभं राहिलं पाहिजे, ही माझ्या शास्त्रातली पहिली पायरी. गावात टँकर यायचा आणि घराघराचे ड्रम भरून जायचा. आईनं आमच्यातला एक ड्रम माझ्याकडं सरकवला. मी कॉलेजातून रजा काढून आलो होतो. रोज सकाळी ओटा भरायचा आणि घरी जाऊन पुस्तक वाचत पडायचं, असा माझा बेत होता.

पहिल्याच संध्याकाळी जाऊन पाहिलं तर वाफा कोरडा.

मला वाटलं, ऊन. दुसऱ्या दिवशी जास्त भरलं. संध्याकाळी पुन्हा कोरडा. मग मी जे केलं ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही. मी कागद घेतला. हवेचं तापमान, वारा, हवेतली ओल यांवरून तासाला किती पाणी उडून जातं याचा एक आलेख असतो. मी एका थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळलं, दुसरा कोरडा ठेवला, आणि आकडे मांडले. उत्तर आलं की एवढ्या उन्हातही निम्मं पाणीसुद्धा उडायला नको. म्हणजे ओट्यालाच आत कुठंतरी तडा असणार आणि पाणी खाली आबांकडं झिरपत असणार. मी ओट्याच्या बुडाशी पालथा पडून चारी बाजूंनी ओल शोधली. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी लांबून पाहिलं आणि डॉक्टर बापाच्या वट्यावर डोकं ठेवून रडत व्हता, असं आईला जाऊन सांगितलं. आईनं त्या संध्याकाळी मला जास्तीची भाकरी वाढली. मी ती खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मी विहिरीच्या पलीकडं बाभळीच्या सावलीत बसून राहिलो. दुपार उतरली तसा घंट्यांचा आवाज आला. भावाचा कळप खाणीकडून घराच्या वाटेला लागला होता. प्लॉटांच्या कमानीपाशी म्होरकी मेंढी, आबांच्या वेळची म्हातारी, वाट सोडून वळली. तिच्यामागं सगळा कळप वळला. धावत नव्हती, रोजच्या जागी रोजच्या वेळेला जावं तशी ती आली, कोरड्या हाळाजवळून पुढं गेली आणि आबांच्या ओट्याला दोन्ही बाजूंनी लागली. माना खाली गेल्या. ओट्यावरून नुसता पिण्याचा आवाज यायला लागला.

भाऊ मागं काठी टेकून उभा होता. हाकत नव्हता.

मी सावलीतून उठून धावलो. हट हट म्हणून ओरडलो, हात उडवले, हातातला कागदही उडवला. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. मेंढपाळाच्या घरी जन्मून मला त्यांची हाक येत नव्हती. ती शिकायच्या वयात मी वसतिगृहात पुस्तकं वाचत होतो. मी भावाला म्हणालो की हे चुन्याचं पाणी आहे, बाधेल त्यांना. ते खरं होतं, पण किती बाधेल हे मला माहीत नव्हतं, आणि ते माझ्या आवाजावरून दोघांनाही कळत होतं. मग मी म्हणालो की ओटा तडकेल. भावकीसमोर तडकेल.

भावानं काठी खाणीकडं केली. मग म्हणाला, "खाणीतलं पाणी बसलंय खाली. उतरता येत नाय त्यास्नी. पर इथं आपसूक येत्यात. हाकलू का? तू सांग. तू म्हणशील तसं."

त्यानं जीभ टाळूला लावलेली मला दिसली. एक आवाज काढला असता तर सगळी मेंढरं मागं फिरली असती. तो खरंच माझ्या सांगण्याची वाट बघत होता.

एखाद्या चांगल्या माणसानं इथं लगेच उत्तर दिलं असतं. मी आधी ओट्याकडं पाहिलं. वाफ्यात किती पाणी उरलंय आणि ओटा किती वेळ ओला राहील याचा अंदाज मी खरोखर करत होतो. म्होरक्या मेंढीनं मान वर केली, तिच्या हनुवटीवरून पाणी ओट्यावर गळत होतं.

"पिऊ दे," मी म्हणालो.

पुढचे दिवस मी सकाळी ओटा भरायचो आणि दुपारनंतर ती पिऊन जायची. चुना उतरू नये म्हणून मी त्यांच्या येण्याच्या आधी पाणी बदलायला लागलो, म्हणजे काँक्रीटला पाणी घालायला आलेला माणूस आता मेंढरांना पाणी पाजत होता आणि उरलेलं काँक्रीटला मिळत होतं. ती गेल्यावर ओली पोती पसरून बघितली. दुसऱ्या दिवशी ती पोतीही चोखून ठेवलेली. रजा संपत आली तसे ओट्यावर केसाएवढे तडे दिसायला लागले. आधी एक, मग त्याला फुटलेले फाटे, मग वाळलेल्या तळ्याच्या बुडासारखं जाळं. मी वर्गात ज्याचं चित्र फळ्यावर काढून दाखवतो तेच, हुबेहूब.

वर्षश्राद्धाला भावकी आली. ओट्याला भंडारा लावला, तर तो नेमका तड्यांत बसला आणि जाळं पिवळंधमक उठून दिसायला लागलं. एवढी बारीक नक्षी मुद्दाम काढली असती तरी साधली नसती. सगळे वाकून बघायला लागले. मेंढरांची गोष्ट गावात झालेली होतीच. एक म्हातारे सोयरे म्हणाले की समाधीवर जनावरानं तोंड लावणं बरं नव्हं. आई नैवेद्याचं ताट हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "जलमभर मेंढरात झोपले. आता कसला इटाळ?"

मग धाकटे चुलते पुढं आले. ते आबांचे सख्खे भाऊ, आणि आवाजही थेट आबांचा. त्यांनी खाली बसून तड्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा अंगठा फिरवला.

"आमचा थोरला असता तर म्हणला असता," ते सावकाश म्हणाले, "लोकर कमी पडली."

आधी भाऊ हसला. मग सगळीच हसली, ते म्हातारे सोयरेसुद्धा. आणि आई हसली. ताट हलायला लागलं म्हणून तिनं ते खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावून हसत राहिली. वर्षभरात ती हसलेली मी पाहिली नव्हती. मी तिथून उठून विहिरीच्या काठाशी गेलो आणि वाकून पाणी आलंय का ते बघत बराच वेळ उभा राहिलो. विहीर कोरडी आहे हे मला माहीत होतं.

त्यानंतर दुष्काळ ओसरला. एका दिवाळीच्या सुट्टीत शेतात गेलो तर विहिरीला पाणी होतं, हाळ भरलेला होता, आणि ओट्यावरची मातीची वरंबीही नवी घातलेली होती. भाऊ म्हणाला, मेंढरं हाळ सोडून वट्यावरच जात्यात, काय करणार. म्हणून तो रोज थोडं पाणी तिथंही सोडायचा. मी पाणी हातानं बाजूला सारलं. तड्यांच्या जागी पांढऱ्या रेघा होत्या. नख लावून बघितलं, नख अडेना.

हे आमच्या शास्त्रात माहीत आहे. बारीक तड्याच्या आत न भिजलेले सिमेंटचे कण राहिलेले असतात. त्यांना पाणी मिळत राहिलं की ते पुन्हा कामाला लागतात, आणि पाण्यात उतरलेला चुना पांढरा होऊन तड्यात बसतो. तडा आपोआप भरत येतो. अट एवढीच, की पाणी द्यायचं सोडू नये. मी याच्यावर पुष्कळ वाचलं होतं, प्रयोगशाळेत ते मला कधी जमलं नव्हतं. इथं मी काहीच केलं नव्हतं आणि ते झालं होतं. खिशातून फोन काढून मी फोटो घेतले. परत येताना एसटीत शोधनिबंधाचं नावही ठरवलं, पुन्हा चार ओळींचं. शहरात पोचेपर्यंत लक्षात आलं की माझ्याकडं एकही मोजमाप नाही. पाणी किती, मेंढरं किती प्यायली, तडा आधी किती रुंद होता, काही नाही. आणि तुलना करायला दुसरा ओटा नाही. तुलनेला दुसरा नमुना नसेल तर निष्कर्ष काढता येत नाही, असं मी दरवर्षी मुलांना सांगतो.

आता दुसरा ओटा व्हायचा आहे, आणि मला कसलीच तुलना करायची नाही.

हे सगळं लिहायला मला बरेच दिवस लागले. आज संध्याकाळी भावाला फोन केला आणि म्हणालो की गवंडी सांग, माझी काही हरकत नाही.

तो म्हणाला, "गवंडी नाय म्हणतो."

मी विचारलं, का. तर गवंडी येऊन बघून गेला होता. भावानं त्याला आबांचा ओटा दाखवून असलाच करायचा म्हणून सांगितलं, वर पाणी राहील असा. गवंड्याला वाटलं हे लोक आपली चेष्टा करतायत.

"तूच ये," भाऊ म्हणाला. "फकस्त कड मातीची नको. दरसाल वाहून जाती. पक्की कर."

मी विचारलं, किती उंच.

"मेंढराला पोचंल एवढी. कोकराचंबी तोंड पोचलं पायजे."

कोकराचं तोंड किती उंचीवर येतं, मी म्हणालो.  तो हसला, आबांसारखा, नाकातून, आणि म्हणाला की कोकरं सकाळी वाड्यातच असत्यात, येऊन मोज. शंकू आणायचा का, तेही मी विचारणार होतो, पण राहू दिलं. कॉलेजात रजेचा अर्ज टाकला आहे. शिवणकामाची टेप कपाटात सापडली, ती पिशवीत ठेवली.